तिठ्यावरची अंगठी

आमचे अण्णा, म्हणजे माझे सासरे रामा शिवलकर, देवळात गेले तर चपला नजरेसमोर राहतील अशा बेताने उभे राहून हात जोडतात. आंबे घरच्या कलमांचे, पेटी घरच्यांनी भरलेली, तरी गाडीत चढवायच्या आधी ते ती खालच्या बाजूने उचकटून बघणार. "वरचा थर काय, चोर पण चांगला लावतो," हे त्यांचं ठरलेलं उत्तर. आमचं लग्न ठरत होतं तेव्हा ते कोणाला न सांगता एकटेच चिपळूणला येऊन गेले. आमच्या आळीतल्या वाण्याकडून त्यांनी साखर घेतली आणि विचारलं, "त्या समोरच्या घरातली मुलगी भांडकुदळ हाय काय?" वाणी म्हणाला, आहे. घरी येऊन अण्णांनी संदेशला सांगितलं, "वाणी खरं बोलला. म्हणजे त्या आळीत लपवालपवी न्हाय. कर लग्न." त्या वाण्याला मी अजून माफ केलेलं नाही.

त्यांचं आयुष्य गेलं जहाजावर, इंजिनखात्यात. कुठल्याशा बंदरात त्यांनी एकदा हौसेने घड्याळ घेतलं. बोटीवर येऊन उघडून बघतात तर आत यंत्रच नाही, काटे नुसते चिकटवलेले. तेव्हापासून जगात जे काही चकाकतं ते आतून रिकामं असणार असं त्यांनी धरूनच टाकलं. निवृत्त होऊन भाट्याच्या पुलापलीकडे आमच्या वाडीत स्थायिक झाले तरी तो स्वभाव काही बंदरावर उतरला नाही. माणूस मनाने वाईट नाही हो. पण त्यांना चहा करून दिला तर आधी कपात बघतात आणि मग आपल्या तोंडाकडे, तेव्हा माझ्यासारखीचं डोकं फिरतं.

दोन वर्षांपूर्वी सुपाऱ्या सोलता सोलता अण्णांच्या डाव्या अंगावरून वारं गेलं. रत्नागिरीच्या डॉक्टरांनी वाचवलं. पाय बराचसा ताळ्यावर आला, डावा हात मात्र आळशी राहिला. डॉक्टरांनी दोनच गोष्टी बजावल्या: रक्तदाबाची गोळी एक दिवसही चुकवायची नाही, आणि बोटं हलती ठेवायची. हे ऐकलं अण्णांनी, पण पोटात घेतलं ते आईंनी. आई म्हणजे माझ्या सासूबाई, राजश्री. मुळात कमी बोलणाऱ्या. त्या दिवसापासून त्या अण्णांच्या खोकण्यावरसुद्धा कान लावून असत. अण्णा जरा वेळ गप्प बसले की काहीतरी निमित्त काढून बघून येत. परत असं झालं तर, हा प्रश्न त्यांनी कधी तोंडाने विचारला नाही, पण तो सबंध घरात वावरत असे.

बोटांच्या व्यायामाला डॉक्टरांनी रबरी चेंडू दिला होता. अण्णांनी तो हुंगला आणि "हा कुत्र्याला देतात तसला हाय" म्हणून फणसाखाली फेकला. मग मी एक युक्ती केली. माझा नवरा संदेशही जहाजावरच आहे. तो बोटीवर गेला की त्याचा गेम खेळायचा डबा माझ्या ताब्यात असतो. चष्म्याच्या दुकानातली नोकरी आटपून आल्यावर मी त्यावर राक्षस मारते, म्हणून तर घरात शांतता आहे. तो गेमचा रिमोट मी अण्णांच्या हातात दिला. डाव्या अंगठ्याने माणूस चालवायचा, उजव्याने तलवार फिरवायची. डॉक्टरांच्या बापाला सुचला नसता असा व्यायाम.

तो गेम म्हणजे एक अख्खं मोकळं जग आहे. डोंगर, नद्या, पडके किल्ले, रानं. कुठूनही कुठेही जा, कोणी अडवत नाही. जागोजागी राक्षस, आणि जागोजागी लपवलेल्या अंगठ्या. अंगठी घातली की आपल्या गड्याचा एखादा गुण वाढतो. एकीने घाव जोरात बसतो, एकीने दम पुरतो, एकीने जीव वाढतो, म्हणजे चार तडाखे जास्त सोसतात. पण अंगठ्या कितीही सापडल्या तरी एका वेळी दोनच घालता येतात. म्हणून कुठच्या दोन घालायच्या, यातच अर्धा गेम असतो.

"बोटं दहा आणि अंगठ्या दोनच?" अण्णांनी पहिल्या दिवशीच विचारलं. "बाकीच्यांचं काय करतात हे लोक?"

अंगठ्या शोधण्याची अण्णांची रीत बघून मला रडावं की हसावं कळेना. रस्त्यात एक म्हातारा विक्रेता बसलेला असतो, त्याच्याकडची अंगठी घेणार नाहीत, कारण "हसतो बघ कसा मेला." गुहेत पेटी दिसली तर म्हणणार, "रानात पेटी कोण ठेवील? पुढे जा." मी त्यांच्या हातून रिमोट ओढून घेतला आणि पेटी उघडली, तर पेटीला दात निघाले आणि तिने मला गिळलं. झालं! आधीच मर्कट, त्यात मद्य प्यायलेलं. त्यानंतर अण्णांनी गेममधली एकही पेटी उघडली नाही. एका पडक्या बुरुजात एक मेलेला शिपाई पडलेला असतो, त्याच्या बोटात दम वाढवणारी उत्तम अंगठी आहे. अण्णा म्हणाले, "मेलेल्याच्या बोटातली काढायची? सुतक कोण धरील, तू?"

अशा रीतीने त्यांच्याकडे एकच अंगठी आली, तीही स्वतः घाम गाळून मिळवलेली. तीन वाटांच्या एका तिठ्याच्या अलीकडे पुलाच्या तोंडाशी एक दगडी बैल पहारा देत असतो. त्याच्याशी अण्णा कित्येक दिवस झुंजले आणि शेवटी त्याला लोळवून त्यांनी घाव जोरात बसवणारी अंगठी कमावली. तिला ते 'बळाची' म्हणत. मी सांगून दमले की अण्णा, तुमचा डावा अंगठा सावकाश चालतो, तुम्हाला घाव चुकवता येत नाही, तुम्हाला बळाची नको, जीवाची अंगठी पाहिजे. त्यांचं उत्तर तयार, "समोरच्याला आधी मारला की आपल्याला मार बसतच न्हाय." बसत होता. दर थोड्या वेळाने त्यांचा गडी आडवा होई, पडदा लाल होई आणि अण्णा मोठ्याने ओरडत, "मेलो गो, परत मेलो!"

स्वयंपाकघरात भांडं पडल्याचा आवाज येई. "शुभ बोला जरा!" आई आतून म्हणत. अण्णा हसत. आई हसत नसत, हे मला तेव्हा दिसलं होतं, पण मी त्याचा फार विचार केला नाही.

जीवाची सगळ्यात चांगली अंगठी त्या पुलापलीकडच्या तिठ्यावर आहे. तीन वाटा मिळतात, मध्ये एक दगड, दगडापाशी मिणमिणता दिवा, थोडी लाल फुलं आणि त्यात चकाकणारी अंगठी. राखायला कोणी नाही, नुसती उचलायची. मी अण्णांना मोठ्या हौसेने तिथपर्यंत आणलं. अण्णांनी गडी थांबवला. चेहरा एकदम बदलला.

"हा उतारा हाय," ते म्हणाले.

आमच्याकडे कोणाचं दुखणं हटेना झालं की भात, नारळ, कुंकू, एखादी चकाकती वस्तू त्याच्यावरून ओवाळून तिठ्यावर ठेवतात. जो ती उचलेल त्याला ते दुखणं जाऊन चिकटतं. शहाणा माणूस तिकडे बघत नाही, ओलांडत तर नाहीच. मी म्हटलं, अण्णा, हा गेम आहे, परदेशातल्या लोकांनी केलाय, त्यांना उतारा कुठला माहीत?

"दिवा हाय, फुलं हायत, तिठा हाय. आणि सोनं असंच टाकून गेले? मी काय येडा हाय काय?" असं म्हणून त्यांनी गडी दगडाला लांबून वळसा घालून रानातनं नेला. दाराशी उभ्या असलेल्या आई हे सगळं बघत होत्या. "हिला काय होतं, ही अंगठी घेतली की?" त्यांनी मला विचारलं. जीव वाढतो, मी म्हटलं. त्यांनी मान डोलावली आणि आत गेल्या.

यानंतर काही दिवसांनी मी कामावरून आले तर अण्णा टीव्हीसमोर ताठ बसलेले.

"सानवी, हिकडे ये. दुसरं बोट मोकळं असताना माझी बळाची अंगठी काढून ही कोणी घातलीन?"

बघते तर त्यांच्या गड्याच्या बोटात जीवाची अंगठी. तीच, तिठ्यावरची. अण्णांनी कधी हात न लावलेली.

"मी नाही," मी म्हटलं.

"मग ती आपल्या पायांनी चालत आली?"

त्यांनी ती काढली, बळाची परत घातली. दुसऱ्या दिवशी दुपारची झोप काढून उठले तर परत जीवाची. त्यांनी काढली, ती परत आली. पुढे जीवाच्या जोडीला दुसऱ्या बोटात दम वाढवणारी अंगठीही उगवली, मेलेल्या शिपायाची. अण्णांचा रंग उतरला. त्यांनी आधी परदेशी कंपनीवर संशय घेतला, मग शेजारच्यांवर, मग माझ्यावर, आणि माझ्यावर तो मुक्कामाला राहिला.

"तू करतेस हे," ते म्हणाले. "संदेशचा फोन येतो तेव्हा तू अंगणात जाऊन बोलतेस."

"अण्णा, घरात रेंज नसते!"

"जीव वाढवायची अंगठी माझ्या बोटात घालता. म्हणजे माझा जीव कमी हाय असं कोणीतरी तुम्हाला सांगितलान. काय म्हणालान डॉक्टर? माझ्यापासून काय लपवता?"

मी कपाळावर हात मारून घेतला. पण खरं सांगू? त्यांच्या संशयाची लागण मलाही झाली. मला वाटायला लागलं की अंगठ्या अण्णा स्वतःच बदलतात आणि विसरतात. अशा दुखण्यानंतर काहींची आठवण जाते, असं दुकानात एक गिऱ्हाईक सांगत होतं. मी अण्णांना सहज विचारल्यासारखं करून काल जेवायला काय होतं ते विचारू लागले. ते माझ्याकडे डोळे बारीक करून बघत आणि म्हणत, "तुला कशाला पाहिजे?" आईंवरही माझा डोळा होता, पण वेगळ्याच कारणाने. हल्ली त्या दुपारी परत आंघोळ करत. संध्याकाळी आले की त्यांचे केस ओले. विचारलं तर म्हणत, "उकडतंय." थंडीचे दिवस, कलमांना मोहोर आलेला, आणि ह्यांना उकडतंय.

अण्णांनी सापळा लावला. झोपायला जाताना रिमोटच्या बटणावर तांदळाचा एक दाणा ठेवला. उठल्यावर दाणा जागच्या जागी होता. पण अण्णा ते अण्णा. त्यांनी चष्मा लावला, दाणा नखावर घेतला आणि मला हाक मारली. "मी पांढरा तांदूळ ठेवला होता. हा उकडा हाय." पेजेचा तांबूस, जाडसर दाणा. कोणीतरी रिमोट उचलला, दाणा हरवला, आणि हाताशी होता तो दुसरा ठेवला. "म्हणजे माणूस घरातला हाय," अण्णा म्हणाले. "स्वयंपाकघरातला."

स्वयंपाकघरातली माणसं दोनच. त्यातली एक दुपारभर रत्नागिरीत लोकांच्या नाकावर चष्मे बसवत होती. हे साधं गणित मला सुटायला हवं होतं. अण्णांना मात्र ते मांडायचंच नव्हतं. बायकोवर संशय घ्यायचा त्यांना अजून धीर झाला नव्हता, म्हणून त्यांनी तो सगळ्यांवर मिळून घेतला. रात्री जेवणानंतर आईंनी गोळी आणि पाणी पुढे केलं. अण्णांनी हात मागे घेतला.

"डॉक्टर काय म्हणालान ते जोपर्यंत सांगत न्हाय, तोपर्यंत मी गोळी घेणार न्हाय."

"डॉक्टर काय म्हणाले न्हाईत हो," आई म्हणाल्या.

"मग मला मेल्यात कोणी धरलान?"

आईंनी भांडं खाली ठेवलं. गोळी तशीच राहिली. सकाळीही त्यांनी ती घेतली नाही. मी रागारागाने कामावर गेले, पण चित्त ठिकाणावर नव्हतं. डॉक्टरांनी 'एक दिवसही चुकवायची नाही' म्हटलं होतं. दुपारी मालकांना सांगून मी निघाले आणि घरी न कळवता पडवीतल्या खिडकीपाशी येऊन उभी राहिले.

अण्णा आत घोरत होते. टीव्ही चालू होता, आवाज बंद. समोर आई जमिनीवर बसलेल्या, डोक्यावर पदर, चष्मा नाकाच्या शेंड्यावर, बाजूला सुपात निवडायला घेतलेले उकडे तांदूळ आणि मांडीवर रिमोट. पडद्यावर अण्णांचा गडी एका पडक्या देवळाच्या पायऱ्या चढत होता. तिथल्या कोनाड्यात एका सांगाड्याच्या बोटात अंगठी असते, ती मलाही कधी सापडली नव्हती. आईंनी गडी सांगाड्यासमोर थांबवला. हात जोडले. आणि हळूच, पण मला स्पष्ट ऐकू येईल असं म्हणाल्या, "बाबा, ह्याचं जे काय असेल ते माझ्यावर येऊदे. मी उचलतंय. त्यांच्या हातून न्हाय, माझ्या." मग त्यांनी बटण दाबलं, अंगठी घेतली, अण्णांच्या बोटात घातली, टीव्ही बंद केला आणि आंघोळीला गेल्या.

मी पडवीतच बसले. आईसुद्धा अण्णांइतकंच मानतात, हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं. ती अंगठी उतारा आहे असंच त्यांनाही वाटत होतं. तसं वाटूनच त्यांनी ती उचलली होती.

संध्याकाळी मी सगळं सांगून टाकलं. आई माझ्यावर डोळे वटारत राहिल्या, पण त्या घरातली एक गोळी चुकली होती आणि दुसरी चुकू देणार नव्हते मी.

अण्णांना आधी पटेना. "हिला रिमोट कुठचा येतो?" "दाराशी उभं राहून बघत शिकलंय," आई म्हणाल्या. मग ते आईंकडे वळले. "का केलंस हे?"

"रोज ओरडता, मेलो, मेलो," आई म्हणाल्या. त्यांचा आवाज फाटला. "मी आत भाकऱ्या थापताना रोज ऐकतंय. एकदा खरं ऐकलंय मी, तुम्ही सुपाऱ्यांत पडलात तेव्हा. तुम्ही ती अंगठी घेणार न्हाय. मग कोणी घ्यायची?"

अण्णांनी गोळी गुपचूप घेतली. मला वाटलं, मिटलं.

सकाळी अण्णा धुतलेला सदरा घालून ओटीवर तयार. "रिक्षा सांग," मला म्हणाले. "ग्रामदेवतेकडे जायचं हाय. हिला सांगू नको." हे ऐकून मी उडालेच. कौल लावताना गुरव फुलाला मुद्दाम जास्त पाणी लावतो, हा अण्णांचा जुना आरोप. पाषाणाला चिकटवलेलं फूल कुठच्या बाजूने पडेल ते आधीच ठरलेलं असतं म्हणे. देवळात जायचं, पण काही विचारायचं नाही, अशी त्यांची आजवरची रीत.

गुरवदादांनी गाऱ्हाणं काय घालायचं ते विचारलं. अण्णा चाचरत म्हणाले, "मंडळीनं तिठ्यावरचा उतारा उचललान."

"कुठच्या तिठ्यावरचा? हद्द कोणाची?" गुरवदादांचा प्रश्न बरोबरच होता. ज्या हद्दीत घडलं त्या हद्दीच्या देवाला आधी सांगावं लागतं.

अण्णांनी माझ्याकडे बघितलं, मी अण्णांकडे. "टीव्हीतल्या," ते म्हणाले. "गेम हाय एक."

गुरवदादा हसतील म्हणून मी मान खाली घातली. ते हसले नाहीत. जरा विचार करून म्हणाले, "बरं. तिथला राखणदार कोण?"

"पुलावर एक दगडी बैल होता," अण्णा म्हणाले.

"होता म्हणजे?"

"मी मारला त्याला."

"राखणदाराला मारलात?" गुरवदादांनी कपाळाला हात लावला. "आणि मग तुमची मंडळी तिठ्यावरचं उचलते. शिवलकरनू, दोष तिच्यावर कशाला येईल? मूळ तुमच्याकडे हाय."

आयुष्यात पहिल्यांदा अण्णांना कोणाचं तरी बोलणं एका दमात पटलं. "तेच मागायला आलोय, तिच्यावरचं माझ्यावर येऊदे," ते म्हणाले. गुरवदादांनी नारळ पुढे ठेवला आणि गाऱ्हाणं सुरू केलं. "बा देवा म्हाराजा, जी काय हद्द असेल, जो काय राखणदार असेल, त्याच्या पायाशी ही हाक पोचूदे. राजश्रीच्या हातून जे उचललं गेलं ते तिच्यावरून उतरूदे, आणि ज्याचं होतं त्याच्याकडेच राहूदे रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा," अण्णा म्हणाले. डाव्या हाताला उजव्याने आधार देऊन त्यांनी दोन्ही हात जोडले होते. मी पण म्हटलं, व्हय म्हाराजा, आणि लगेच लक्षात आलं की मी कशाला हो म्हणतेय. पण तोपर्यंत नारळ फुटला होता.

घरी आलो. आई दारातच. कपाळाला अंगारा, हातात फुटलेल्या नारळाचं भकल, आईंना विचारावं लागलंच नाही. तरी त्यांनी माझ्याकडून सगळं वदवून घेतलं. मग त्या अशा भडकल्या की वाण्याने भांडकुदळ ठरवलेली मीसुद्धा कधी अशी भडकले नाही.

"मी एवढं अंगावर घेतलं. भर थंडीत आंघोळी केल्या. आणि तुम्ही देवासमोर जाऊन ते परत मागून आणलंत? कोणी सांगितलान तुम्हाला? मला विचारलंत?"

"तू मला विचारलं होतंस?" अण्णा म्हणाले.

"मला काय झालं असतं? मी धडधाकट हाय!"

"आणि झालं असतं तर?" अण्णा एकदम ओरडले. मग त्यांचा आवाज खाली आला. "मी जन्मभर कोणावर विसंबलो न्हाय, राजश्री. बंदरातल्यांवर न्हाय, भावांवर न्हाय, पोरावर पण न्हाय. रात्री डोळे मिटतो ते तू जागी हायस म्हणून. तू गेलीस तर मी झोपायचं कोणाच्या भरवशावर?"

आई पदर तोंडाला लावून तिथेच उंबऱ्यावर बसल्या. अण्णांना खाली बसायला त्रास होतो, तरी भिंतीला धरून ते त्यांच्या शेजारी बसले. मी चहा करायला आत गेले, आणि बाहेर येताना मला आईंचं बोलणं ऐकू आलं.

"उद्या मी परत उचलणार," त्या सांगत होत्या. "तुम्ही कितीदा देवळात जाता तेच बघतंय."